मुलाखत क्रमांक चार

हेसल रोडवरच्या लाँड्रेटमध्ये
गुरुवारी सकाळी दहाला
मॉरीन ब्लेन्किन, वय अठ्ठ्याहत्तर,
संमतीपत्रावर सही करते, चष्मा न लावता.
"वाचून काय करू? घर थोडंच लिहून घेणारेस!"

दुसरं वर्ष. संशोधनाच्या पद्धती.
प्रश्न अकरा, आधी मंजूर करून घेतलेले,
बाजूला पेन्सिलीनं श्रम, लिंगभाव, स्थानिक स्मृती.
रेकॉर्डर मी साबणाच्या डब्यावर ठेवते.
सहा नंबरचं मशीन पाणी भरून घेतं.

नवरा ट्रॉलरवर होता तिचा, आइसलंडच्या बाजूला.
तीन आठवडे समुद्रात, तीन दिवस घरी.
तो निघायचा त्या दिवशी कपडे धुवायचे नाहीत.
धुतले तर माणूस धुऊन जातो.
"मानत होतात तुम्ही?"
"मानायचं कशाला? धूत नव्हते, बस."

मी समासात लिहिते : श्रद्धा. मग खोडते.
इचलकरंजीत आमच्या गल्लीतले माग
अमावास्येला बंद असायचे.
का, म्हणून विचारलं तर बाबा म्हणायचे,
तेलपाणी.

चौथा प्रश्न : वडिलांचा व्यवसाय.
"बॉबर," ती म्हणते.
मला ऐकू येतं, जॉबर.
आणि तोंडून निघूनच जातं,
"माझेसुद्धा."

बॉबर म्हणजे रात्री दोनला गोदीत उतरून
बोटीच्या पोटातले मासे उपसणारा.
हे तिनं नंतर सांगितलं.
तोवर मी सांगून बसले होते
की जॉबर म्हणजे दुसऱ्याच्या मागांचा वैद्य,
सोळा माग, रात्रपाळी,
धोटा अडकला की पाना घेऊन पळायचं.
डावा कान तिथंच ठेवून आलेत बाबा.
फोनवर ओरडून बोलतात,
ओरडूनच बोलावं लागतं,
लायब्ररीतून मला बाहेर जावं लागतं.

पहिल्या वर्षी, पहिल्या आठवड्यात
गोल बसवून विचारलं होतं, तुमचा वर्ग कोणता?
फेलिसिटी म्हणाली, मध्यम, पण वरचा नाही हं.
कॅलम म्हणाला, कामगार,
आणि त्याची छाती जरा पुढं आली.
मी म्हणाले, वडील टेक्सटाइलमध्ये आहेत.
खोटं नव्हतं.
मागाखाली झोपणारं मांजरही
टेक्सटाइलमध्येच असतं.
शिष्यवृत्तीच्या अर्जात मात्र सगळं खरं लिहिलेलं,
तहसीलदाराच्या शिक्क्यासकट.
तो कागद कुणी मोठ्यानं वाचत नाही.

ड्रायर थांबला.
मॉरीननं चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली,
विचारलं नाही.
ती मागं सरली, मी मागं सरले,
झटका दिला, कापड फडाडलं,
मग चालत एकमेकींकडे, टोकाला टोक.
तिची बोटं सांध्यांशी जाड,
वीस वर्षं बर्फातले मासे चिरलेली.
मी सवयीनं कापड चिमटीत धरून पाहिलं :
ताणा बरा, बाणा विरळ.
"काय गं, भाव काढतेस की काय?"

टाइप करायला बसले तेव्हा कळलं :
एकेचाळीस मिनिटं, त्यातली सव्वीस माझीच.
प्रश्न ती विचारत होती.
माझे सात राहूनच गेले.
घडीच्या वेळी दीड मिनिट कुणीच बोललेलं नाही.
तिथं काय लिहायचं हे पुस्तकात नव्हतं,
मी लिहिलं : मशीनचा आवाज.

शेरा आला :
मुलाखतकार फार बोलते. पुरेसं अंतर नाही.
अठ्ठावन्न.

त्याच संध्याकाळी बाबांचा फोन.
"काय केलंस आज?"
चादरीची घडी घातली, म्हणाले, मागच्या महिन्यात,
त्याचे मार्क आले. एका बॉबरच्या मुलीबरोबर.
"काय?"
मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं,
जिथं बसले होते तिथूनच.
तीन टेबलांवरच्या माना वळल्या,
त्यात कॅलमचीही.
"जॉबरच्या?" बाबा खूश झाले.
"कुठल्या कारखान्यातला?"